सागाचा ठोकळा, जिलेबीची बशी

सुपडूकाका, तुमच्या शोकसभेत समोसे होते.

आधी मौन, मग भाषणं, मग समोसे. दोन मिनिटांचं मौन सव्वा मिनिटात उरकलं, कारण हॉलमधले पंखे बंद होते आणि प्रिन्सिपल साहेबांना घाम फुटला होता. टेबलावर तुमचा फोटो. तोही धड तुमचा नाही, स्नेहसंमेलनाच्या ग्रुप फोटोतून कापून मोठा केलेला. त्यामुळे तुमच्या खांद्यावर कुणाचा तरी अर्धा हात तसाच राहिला होता. मी सबंध वेळ त्या हाताकडे बघत बसले. हातात बांगडी नव्हती, म्हणजे तो माझा नव्हता. एवढं समाधान करून घेतलं.

प्रिन्सिपल साहेब नवे. त्यांनी तुम्हाला फक्त गेटवर पाहिलेलं. भाषणाआधी त्यांनी मला कोपऱ्यात घेऊन विचारलं, "मॅडम, ये पहले लैब में थे ना? कौन सा एक्सपेरिमेंट देखते थे?" मी म्हटलं, घर्षणाचं. झालं. माईक हातात येताच साहेब सुरू झाले, "मित्रों, जीवन में घर्षण न हो तो आदमी फिसल जाएगा. सुपडूजी हमारे विद्यालय का घर्षण थे." टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या! तुम्ही तिथे असतात तर हातातल्या फडक्याची घडी घालत हळूच विचारलं असतंत, "कोणतं, साहेब? उभ्याचं का चालत्याचं?" मला हसू आलं.

मग माझं नाव पुकारलं. फिजिक्सची शिक्षिका मी, आणि तुम्ही माझ्या लॅबचे अटेंडंट, म्हणून दोन शब्द मी बोलायचे. ऑफिसातून टाइप केलेला कागद हातात दिला होता. त्यात एक वाक्य होतं: सुपडूजी ने वर्षों तक प्रयोगशाला की सेवा करने के बाद स्वेच्छा से मुख्य द्वार का दायित्व स्वीकार किया. स्वेच्छा से. मी ते वाक्य वाचलं. कुठे अडखळले नाही, उलट 'स्वेच्छा'वर जरा जोरच दिला. खाली येऊन समोसाही खाल्ला. खोटं कशाला सांगू, भूक लागली होती.

आता वार्षिकांकात तुमच्यावर एक पान द्यायचंय. मराठी विभागात जागा रिकामी राहिली आहे, ती भरायची. "अच्छा-अच्छा लिखिएगा, मॅडम," असा निरोप आला. म्हणून लिहायला बसले आहे. अच्छा-अच्छा जेवढं आहे तेवढं आधी लिहिते, ते सगळं तुमचंच आहे.

मी इंदुरातून एम.एस्सी. करून आले तेव्हा चोवीस वर्षांची होते आणि मला सगळं येत होतं. अकरावीला घर्षण शिकवत होते. फळ्यावर ठोकळा काढला, त्याला बाण काढला, आणि विचारलं की या ठोकळ्याला आपण पाच न्यूटननं ओढलं आणि तो हलला नाही, तर घर्षण किती? मग मीच ठोकून दिलं: घर्षणाचं सूत्र म्यू गुणिले एन, म्हणजे वीस. वीस म्हणून खाली दोन रेघाही ओढल्या. तुम्ही मागच्या कपाटात बाटल्या लावत होतात. तास संपला, पोरं गेली, आणि तुम्ही जवळ आलात.

"मॅडम, एक इचारू? रागावू नका."

"विचारा ना."

"आपण पुढं पाचनं ओढलं अन् घर्षण मागं वीसनं ओढते, असं तुम्ही पोरांले सांगितलं."

"हो. मग?"

"मंग ठोकळा मागं कशाले नही येत?"

काका, त्या क्षणी मला तुमचा इतका राग आला होता! आठवी शिकलेला माणूस, हातात फिनाइलची बाटली, आणि मला विचारतोय. मी काहीतरी बोलले, बहुतेक "ते तुम्हाला कळणार नाही" असंच. तुम्ही मान हलवलीत, कपाटातून सागाचा ठोकळा काढलात, त्याच्या आकड्याला स्प्रिंगचा काटा अडकवलात आणि फळीवर ठेवून हळूहळू ओढायला लागलात. काटा एकवर. ठोकळा जागच्या जागी. काटा दोनवर. जागच्या जागी. तीन, चार. "हे पाहा. जोवर उभा हाये तोवर ते आपल्याइतकंच जोर लावते. आपण एक, ते बी एक. आपण दोन, ते बी दोन. जादा नही, कम नही." मग जरा आणखी ओढलंत आणि ठोकळा एकदम सुटला, तसा काटा झटकन खाली आला. "ही त्याची हद. हद सरली का सुटते. अन् एकदा सुटलं का मंग चालत राहाले कमी लागते. तुमचा तो म्यू-एनवाला वीस हाये ना, तो या हदीचा हाये. रोजचा नही."

पुस्तकात याला स्थितिक आणि गतिक घर्षण म्हणतात, आमच्या शाळेच्या हिंदी पुस्तकात स्थैतिक आणि गतिज. तुम्ही उभ्याचं आणि चालत्याचं म्हणायचात. एवढी वर्षं अकरावीची एकेक तुकडी त्या फळीवर वजनं चढवताना तुम्ही पाहिली होती, आणि पाहता पाहता समजून घेतलं होतं. मी पाच वर्षं कॉलेजात घालवली आणि उत्तरं पाठ केली होती.

पुढच्या दिवशी मी वर्गात काय केलं ते आठवतं तुम्हाला? मी म्हटलं, "काल मी मुद्दाम एक चूक लिहिली होती. कुणाच्या लक्षात आली?" मुद्दाम! तुम्ही दारात उभे होतात, डस्टर झटकत. तुमच्याकडे बघायची माझी छाती झाली नाही. मग मी तुमचं सगळं, काट्यासकट, माझं म्हणून शिकवलं. पोरं खूश. तुम्ही डस्टर जागेवर ठेवलंत आणि निघून गेलात. पुढे कधी एका शब्दानं बोलला नाहीत. तेव्हा मला तो तुमचा मोठेपणा वाटला होता. आज वाटतं, त्या दिवशी तुम्ही मला चारचौघांत तोंडावर पाडायला हवं होतं. पुढचं पुष्कळ टळलं असतं.

त्या ठोकळ्याचे तुम्ही काय लाड करायचात! जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून ठेवलेला. खालच्या अंगाला बोट लावलं की तुम्ही खेकसायचात. "हाताले घाम राहते, घाम लागला का हिसाब बदलते." प्रॅक्टिकलच्या आधी पोरांना नळावर हात धुवायला लावायचात आणि कोरड्या फडक्यानं पुसायला लावायचात, वकिलाची पोरं असोत की केळीवाल्याची. फळीला तेल नाही, पावडर नाही. पावसाळ्यात आकडे जरा चढे यायचे, उन्हाळ्यात उतरायचे, आणि तुम्ही ते मला अशा कौतुकानं येऊन सांगायचात की जणू घरचं पोर रांगायला लागलंय.

आणि आपलं ते टिचकीचं भांडण. पुस्तकात लिहिलंय की ठोकळ्याची दोरी कप्पीवरून खाली सोडावी, तिला टांगलेल्या पारड्यात वजनं टाकत जावं, टेबलावर हळूच टिचकी मारावी, आणि ठोकळा सरकायला लागला की वजन लिहून घ्यावं. मी टिचकी मारायला लावायचे. तुम्हाला ती सहन व्हायची नाही. "टिचकी मारली का तो उभाही नही अन् चालताही नही. मंग लिहिता कोनाचं?" मी म्हणायचे, काका, पुस्तकात आहे. तुम्ही म्हणायचात, "पुस्तकवाल्याची टिचकी केवढी होती, ते लिहिलं का पुस्तकात?" यावर मी आवाज चढवायचे. दरवर्षी एकदा हे भांडण व्हायचं आणि दरवर्षी घंटा वाजली म्हणून अर्धवट राहायचं. मला त्या भांडणाची फार आठवण येते, काका. आता लॅबमध्ये कुणी भांडत नाही. सगळे जी मॅडम, जी मॅडम करतात.

इथपर्यंत अच्छा-अच्छा. आता पुढचं.

आमच्याकडे प्रॅक्टिकलची वही मागून पुढे लिहितात. उत्तर काय यायला हवं ते आधी ठरलेलं असतं. मग त्यावरून कोष्टक, कोष्टकावरून वजनं, आणि आलेख तर असा सरळ की पट्टीलाही लाज वाटावी. वरच्या वर्गाच्या वह्या खालच्या वर्गाला मिळतात. हे मला माहीत होतं आणि मी कधी अडवलं नाही. उलट, ज्याची रेषा सरळ त्याला मार्क जास्त, असं मीच चालवलं. निकाल चांगला लागायचा, माझं नाव व्हायचं. तुम्हाला याची शिसारी होती. एकदा तुम्ही चार पोरांना ठोकळ्याला हातही न लावता कोष्टक भरताना पकडलंत आणि म्हणालात, "झूठच लिहायचं तर इथं कशाले आले? घरी बसून लिहा. फळी तरी साफ राहीन." पोरं हसली. मीही हसले होते.

अकरावीची परीक्षा खरं तर घरचीच. पण सात वर्षांपूर्वी जुन्या प्रिन्सिपल साहेबांनी हौसेनं बाहेरच्या शाळेतले एक सर परीक्षक म्हणून बोलावले. आणि परीक्षक आला म्हणजे बशी आली. हा आमचा रिवाज, कुणी लिहून ठेवलेला नाही पण चुकतही नाही. इतवारा बाजारातून मावा जिलेबी मागवली होती, गरम, पाकात निथळणारी. बशी कुठे ठेवायची? खिडकीजवळच्या टेबलावर वारा येतो, पाहुण्यांना तिथे बरं वाटेल, म्हणून मी ती तिथे ठेवली. तुमच्या फळीला लागून.

"मॅडम, इथं नको," तुम्ही म्हणालात. "बाजूच्या टेबलावर ठेवतो मी."

"काका, पाहुणे बसलेत. जरा गप्प राहा."

तुम्ही बाजूला सरकलात. परीक्षक सरांनी तीन जिलेब्या खाल्ल्या, बोटं चाटली, आणि चाटलेल्या त्याच बोटांनी ठोकळा उचलून उलटा-पालटा करून पाहिला. "सागौन है क्या? बढ़िया है." परत फळीवर ठेवला. मी पाहिलं. पाक पाहिला, बोटं पाहिली, ठोकळ्याच्या खाली लागलेलं पाहिलं. तुम्ही फडकं घेऊन पुढे आलात आणि मी तुम्हाला डोळ्यांनी मागे हटवलं. पाहुण्यांच्या देखत त्यांनी हात लावलेली वस्तू पुसायची म्हणजे त्यांचा अपमान नाही का? असा विचार मी केला. आज लिहितानाही अंगावर काटा येतो, की मी असा विचार केला.

मग कविताचा नंबर आला. आठवते ना तुम्हाला? दोन वेण्या, बोलणं कमी, वही स्वतःची स्वतः लिहिणारी वर्गातली बहुतेक एकटीच. तिनं पारड्यात वजनं टाकायला सुरुवात केली. ठोकळा हलेना. आणखी टाकली. हलेना. मग एकदम सुटला आणि थेट कप्पीवर जाऊन आपटला. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "मॅडम, खाली चिकट हाये." मी म्हटलं, "चुपचाप जो आया वो लिखो." तिनं तेच केलं. ठोकळ्यावर वजनं वाढवत गेली, जे जे आलं ते ते लिहीत गेली, आलेख काढला.

तो आलेख मी आजही डोळ्यांसमोर आणू शकते. बाकी सगळ्यांच्या रेषा शून्यातून निघालेल्या, कारण पुस्तकात शून्यातून निघते. कविताची रेषा शून्यातून जात नव्हती. वरून निघाली होती. काका, त्या रेषेचा अर्थ तुम्हालाही कळला असता: ठोकळ्यावर भार नसतानासुद्धा काहीतरी त्याला धरून बसलंय, खाली काहीतरी चिकटलंय. सबंध तुकडीत तो एकच खरा आलेख होता, बाकी सगळी पट्टीची करामत. एका सोळा वर्षांच्या पोरीनं पाक मोजून कागदावर काढून दाखवला होता. परीक्षक सरांनी त्यावर लाल गोल मारला.

"ये क्या है? सूखी लकड़ी पर इतना घर्षण? मॅडम, उपकरण की सफ़ाई कौन देखता है आपके यहाँ?"

एवढाच प्रश्न होता. बशी समोरच होती, दोन जिलेब्या उरल्या होत्या. मी म्हणाले, "हमारे अटेंडंट देखते हैं, सर. कल ही बोला था इनको साफ़ करने के लिए. सुनते ही नहीं."

तुम्ही बशीकडे पाहिलं नाहीत. माझ्याकडे पाहिलंत. फार वेळ नाही, एक श्वास घ्यायला लागतो तेवढा वेळ. मग मान खाली घातलीत आणि म्हणालात, "गलती झाली, साहेब."

कविता काठावर पास झाली. ती पुढे काय शिकली, कुठे गेली, मला माहीत नाही. मी कधी चौकशी केली नाही. तुम्हाला कारण दाखवा नोटीस निघाली, सर्व्हिस बुकात लाल शाईनं 'लापरवाही' असा शेरा पडला, आणि पुढच्या सोमवारपासून तुम्ही गेटवर. चौकशीच्या कागदावर साक्षीदार म्हणून सही माझी आहे. सही चांगली, ठळक आहे.

तुमच्या जागी जो आला त्यानं पहिल्याच आठवड्यात फळीला टाल्कम पावडर चोळली. ठोकळा सरसर जातो, पोरं लवकर मोकळी होतात. मग पावडरीवर मशीनचं तेल, तेलावर धूळ. आता ती फळी हात लावायच्या लायकीची राहिलेली नाही, बोट ठेवलं तर काळा चिकटा लागतो. मी त्याच फळीवर दरवर्षी घर्षण शिकवते. तुम्ही एकदा गेटवर विचारलंत, "फळी कशी हाये, मॅडम?" मी म्हटलं, "छान आहे." तुम्ही केवढे खूश झालात!

रोज सकाळी मी आत येताना तुम्ही स्टुलावरून उठायचात. "उठू नका हो काका," मी म्हणायचे. "आदत हाये," तुम्ही म्हणायचात. मला ते उठणं असह्य व्हायचं. शेवटी शेवटी मी मागच्या फाटकानं यायला लागले, आणि स्टाफरूममध्ये सांगायचे की तिकडून बसस्टॉप जवळ पडतो.

आणि तुमचाही मला राग आहे, ऐका. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, पण तुम्हीच तेव्हा तोंड का उघडलं नाहीत? "बशी मॅडमनं ठेवली" एवढे तीन शब्द. मला ते हवे होते की नको होते हे मला ठरवता येत नाही, पण तुम्ही बोलला असतात तर गेली सात वर्षं मी स्वतःचं तोंड आरशात पाहू शकले असते. तुमच्या चांगुलपणाचा मला कधीकधी वीट येतो.

एकदा मी सांगायला निघाले होते. संक्रांतीचा दिवस, राजघाटावर माणसांची ही गर्दी. तुम्ही तापीत बुडी मारून पायऱ्यांवर अंग पुसत बसला होतात. मी तिळगूळ दिला, शेजारी बसले. म्हटलं, "काका, त्या वर्षीच्या परीक्षेचं..."

"ते जाऊ द्या, मॅडम," तुम्ही मधेच म्हणालात. "मले एक सांगा. टिचकी मारल्यावर जे वजन येते, ते उभ्याचं म्हनायचं का चालत्याचं?"

मी म्हटलं, "दोन्हींच्या मधलं कुठलंतरी असेल."

"म्हन्जे कोनाचंच नही. मी काय म्हनत होतो?" आणि तुम्ही असे हसलात की शेजारची माणसं वळून पाहायला लागली.

तुम्ही मला सोडवलंत की स्वतःला, ठाऊक नाही. मला मात्र हायसं वाटलं. चला, आज सांगावं लागलं नाही. मी वाटीत उरलेला तिळगूळ खात खात घरी गेले. पुढच्या संक्रांतीला सांगू म्हटलं. माणूस किती निर्लज्जपणे तारखा पुढे ढकलतो! मग एका रविवारी केळीच्या बागेतून घरी आलात, अंगणात बसलात आणि गेलात, असं सोमवारी गेटवरच्या दुसऱ्या शिपायानं सांगितलं. मी लॅबमध्ये जाऊन दार लावून घेतलं आणि खूप रडले. पण त्या रडण्यातही, खरं सांगते, कुठेतरी एक सुटल्याची भावना होती: आता सांगणार तरी कुणाला? त्या भावनेची मला सगळ्यात जास्त किळस येते.

शोकसभेनंतर मी प्रिन्सिपल साहेबांकडे गेले आणि सगळं सांगितलं. सर्व्हिस बुकातला शेरा काढा म्हटलं, लेखी देते. साहेब कळवळून म्हणाले, "मॅडम, अब किसको पढ़ना है वो? आप भावुक हो रही हैं. पानी पीजिए." मी अर्ज टेबलावर ठेवला. त्यावर त्यांनी समोशाच्या बिलाचा कागद ठेवला. मी बिल बाजूला सारलं, अर्जाची पोच मागून घेतली आणि मगच उठले.

तेरावं झाल्यावर तुमच्या गावी, फोपनारला गेले. रस्त्याच्या दोन्ही अंगांना केळी, तुम्ही सांगायचात तशीच. काकू ओट्यावर बसल्या होत्या. मला पाहून उठल्या, माझे दोन्ही हात धरले, सुनेला हाक मारून चहा सांगितला. मी मनात वाक्यं जुळवत होते. चहा आला, मी अर्धा प्याले, आणि त्याच आधी बोलल्या.

"मॅडम, तुमचे लई उपकार हायेत आमच्यावर."

"माझे?"

"ते रोज सांगायचे ना. लॅबमधी दिवसभर उभं राहून त्यायचे पाय सुजायचे. मॅडमनं साहेबाले सांगून बसायचं काम देलं म्हने. घरात कोनाले नही तेवढी मॅडमले माझ्या पायाची कदर, असं म्हनायचे. म्हनून तं मी दर साली पहिल्या घडाची फणी तुमच्यासाठी काढून ठेवायची."

ती केळी, काका! दरवर्षी पिशवीत घालून तुम्ही गेटवर माझ्या हातात द्यायचात, आणि मी समजत होते की बागवाले लोक सगळ्यांनाच देतात. घरी नेऊन मी ती खाल्ली, शेजारी वाटली, एकदा तर जास्त पिकली म्हणून नाक मुरडलं.

काकू माझा हात धरून होत्या. तिथून तसंच उठून येता आलं असतं. डोळे पुसायचे, चहा संपवायचा, एखादी फणी आताही मिळाली असती. मी हात सोडवून घेतला आणि म्हटलं, "काकू, त्यांनी बसायचं काम मागितलं नव्हतं. मी खोटं बोलले म्हणून त्यांना लॅबमधून काढलं." आणि मग सगळं सांगितलं. बशी, पाक, ती मुलगी, माझं वाक्य, तुमचं 'गलती झाली', माझी सही. शोकसभेतलं 'स्वेच्छा से'सुद्धा. सून दारात उभी राहून ऐकत होती.

मी थांबल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "किती साल झाले याले?"

"सात."

"सात साल म्या तुमाले केळं धाडले?"

मी मान हलवली.

त्या उठल्या. माझ्या समोरचा कप उचलला, उरलेला चहा अंगणात मातीवर ओतून दिला, आणि आत गेल्या. सुनेनं त्यांच्या मागे दार लावून घेतलं. कडी लागल्याचा आवाज आला. मी चपला घातल्या.

सुपडूकाका, तुम्ही गेल्यापासून एवढ्या लोकांशी बोलले, पण माझ्याशी नीट वागल्या त्या एकट्या काकू.